घरगुती लाइट रिफ्लेक्टर पॅनेल: नाशिकच्या लहान फोटो स्टुडिओंसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं साधारण १० बाय १२ फुटांच्या खोलीत, एखाद-दुसऱ्या फ्लॅशवर किंवा एलईडी लाइटवर काम करणाऱ्यांसाठी आहेत. नाशिकमध्ये अशा जागा पुष्कळ आहेत: सिडकोतल्या घराची पुढची खोली, कॉलेज रोडवरचा वरच्या मजल्यावरचा गाळा, नाशिकरोडला दुकानामागे पार्टिशन घालून काढलेला कोपरा. छत नऊ-साडेनऊ फूट, भिंती पांढऱ्या, डोक्यावर पंखा. मोठ्या स्टुडिओसाठी दिलेल्या सूचना या जागेत जशाच्या तशा चालत नाहीत. म्हणून मापं इथल्या खोल्यांना धरूनच दिली आहेत.

दुसरा लाइट घेण्यापेक्षा रिफ्लेक्टर का बनवायचा?

लहान खोलीत दुसरा लाइट मागे सरकवायला जागाच नसते. तो जवळ राहतो, जोरात पडतो आणि नाकाची दुसरी सावली पाडतो. दोन बाजूंना दोन सावल्या असलेला चेहरा पाहिला की काहीतरी खटकतं, पण काय ते पटकन कळत नाही. रिफ्लेक्टर मुख्य लाइटचाच प्रकाश परत देतो. त्यामुळे तो मुख्य लाइटपेक्षा कायम सौम्य राहतो आणि पांढरा खरोखर पांढरा असेल तर रंगही जुळतो. वीज लागत नाही, फ्लॅश उडवणारा ट्रिगर लागत नाही. प्रकाश कमी-जास्त करायचा तर पॅनेल हातभर पुढे-मागे करायचं.

पांढरा, चंदेरी की सोनेरी?

पहिलं पॅनेल पांढरं, तेही मॅट. यावर आमचं मत ठाम आहे.

पांढरा खरखरीत पृष्ठभाग त्याच्यावर पडलेला प्रकाश सगळीकडे पसरवतो. चंदेरी पृष्ठभाग आरशाच्या वळणावर जातो: ज्या कोनात प्रकाश आला त्याच कोनात तो बहुतेक परत जातो. म्हणून चंदेरीतून चेहऱ्यावर जास्त प्रकाश पोचतो, पण त्याचा झोत अरुंद असतो. पॅनेल दोन बोटं वळलं की झोत गालावरून कानावर जातो. शिवाय पृष्ठभागावर एखादी सुरकुती असली तर तिचा चट्टा चेहऱ्यावर दिसतो. १० फुटांच्या खोलीत पॅनेल दोन-तीन फुटांवरच असतं. तिथे पांढऱ्याचा प्रकाश पुरून उरतो. चंदेरीचा खरा उपयोग लांबून, उघड्यावर किंवा एखाद्या ठरावीक जागी ठिणगीसारखी चमक हवी असेल तेव्हा.

सोनेरीने सावलीची बाजू पिवळट होते आणि उजेडाची बाजू तशीच राहते. एका चेहऱ्यावर दोन रंग आले की ते नंतर संगणकावर सुधारणं किचकट होतं. ऊब हवीच असेल तर व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातली रंग जुळवण्याची सेटिंग) बदला.

चमकेपेक्षा आकार महत्त्वाचा आहे. पॅनेल चेहऱ्याच्या मानाने जितकं मोठं आणि जितकं जवळ, तितकी सावलीची कड मऊ. दोन बाय दोन फुटांच्या चंदेरी तुकड्यापेक्षा सहा-साडेसहा फूट उंचीचा साधा पांढरा बोर्ड पोर्ट्रेटला कधीही सरस.

मग नेमकं काय बनवू?

सनबोर्डचं (जाहिरातींच्या फलकांना वापरतात त्या हलक्या फोमच्या शीटचं) दोन पाकळ्यांचं पॅनेल: एका बाजूने पांढरं, दुसऱ्या बाजूने काळं, मध्ये कापडी टेपचं बिजागर. पुस्तकासारखं उघडलं की स्टँडशिवाय उभं राहतं. पाच मिलिमीटर जाडीची ८ बाय ४ फुटांची एक शीट पुरते. तीन मिलिमीटरची घेऊ नका. ती एवढ्या उंचीवर आठवड्याभरात पोट काढते.

शीट अशी कापून घ्या. आधी आडवा काप साडेसहा फुटांवर. मग साडेसहा फुटांचा तुकडा उभा मधोमध. हाती दोन पाकळ्या येतात, प्रत्येकी साडेसहा बाय दोन फूट. उरलेला दीड बाय चार फुटांचा तुकडा मधोमध कापला की दीड बाय दोनचे दोन लहान बोर्ड मिळतात. ते पासपोर्ट फोटोला मांडीवर आणि प्रॉडक्टच्या टेबलावर कामाला येतात. पूर्ण आठ फूट उंची ठेवण्याचा मोह टाळा. नऊ फुटांच्या छताखाली आठ फुटी बोर्ड पंख्याच्या पात्याला लागू शकतो. तो लिफ्टमध्येही बसत नाही आणि जिन्याच्या वळणावर अडकतो.

सामान किती आणि नाशिकमध्ये कुठे मिळेल?

वर सांगितलेल्या पॅनेलसाठी:

– ५ मिमी सनबोर्ड, ८ बाय ४ फूट, पांढरा, मॅट: १ शीट
– मॅट काळं व्हिनाइल: दोन्ही पाकळ्यांची एकेक बाजू झाकेल एवढं, म्हणजे साधारण साडेसहा बाय चार फूट आणि कडांना थोडं जास्त
– २ इंची कापडी टेप: पांढरा २ मीटर, काळा २ मीटर, आणि कडांसाठी आणखी काळा १२ मीटर
– १ इंची केसिंग-कॅपिंग पट्टी, वायरिंगची: साडेसहा फुटांचे २ तुकडे
– सिंथेटिक रबराचं चिकटद्रव्य: लहान डबा

सनबोर्ड आणि व्हिनाइल फ्लेक्स-बॅनर छापणाऱ्यांकडे मिळतं. ते रोज हेच कापतात, तेव्हा मापाचा कागद देऊन तिथेच कापून घ्या. कापलेले तुकडे घरी आणणं अख्ख्या शीटपेक्षा सोपं जातं. अख्खी शीट रिक्षात बसत नाही, त्यासाठी छोटा टेम्पोच लागतो. सांगताना 'लॅमिनेशन नको, ग्लॉसी नको' हे दोनदा सांगा. त्यांच्या बहुतेक गिऱ्हाइकांना चकचकीतच हवं असतं, त्यामुळे सवयीने तेच हातात पडतं. टेप, क्लिपा, इलॅस्टिक आणि असं किरकोळ सामान मेन रोड, रविवार कारंजा, भद्रकाली या पट्ट्यात फिरलात तर सापडेल. पट्टी कुठल्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानात.

जोडायचं कसं? पायऱ्या सांगा.

व्हिनाइल आधी, बिजागर नंतर. पाकळी सपाट फरशीवर ठेवून पुसून घ्या. व्हिनाइलचा मागचा कागद एका टोकाकडून चार-चार बोटं सोडवत, कापडाच्या बोळ्याने मधून कडेकडे दाबत जा. व्हिनाइल ताणू नका. ताणून लावलेलं व्हिनाइल पुढे आकसतं आणि पाकळी काळ्या बाजूला धनुष्यासारखी वाकते. फुगा राहिला तर टाचणीने टोचून दाबा.

मग पट्टी. केसिंगचा पाया काळ्या बाजूला, बाहेरच्या उभ्या कडेपासून दोन सेंटिमीटर आत बसवायचा. चिकटद्रव्य पट्टीला आणि बोर्डला, दोन्हीकडे पातळ लावा. बोटाला चिकटेनासं होईपर्यंत, म्हणजे दहा-पंधरा मिनिटं, थांबा आणि मगच दाबा. ओलं असतानाच दाबलं तर पट्टी घसरते आणि पुढे उन्हाळ्यात सुटते. स्क्रू मारू नका, पाच मिलिमीटर फोममध्ये स्क्रू धरत नाही. व्हिनाइलवर पट्टी चिकटवण्याऐवजी त्या पट्ट्याएवढं व्हिनाइल आधीच कापून काढलं तर पकड थेट बोर्डावर मिळते. शेवटी वरचं कॅपिंग बसवून काळ्या टेपने झाका.

बिजागर हा खरा नाजूक भाग. दोन्ही पाकळ्या पांढरी बाजू वर करून शेजारी ठेवा आणि मध्ये १० ते १२ मिमी फट सोडा. पाच मिमीचे दोन बोर्ड एकमेकांवर येणार, म्हणून फट दोन जाड्यांएवढी. फट न सोडता कडेला कड लावून टेप मारला तर पॅनेल एकाच बाजूला मिटतं आणि काळी बाजू आत घेऊन उभं करता येत नाही. फट दोन्ही टोकांना सारखी राहावी म्हणून सनबोर्डाच्या कापातून उरलेले दोन तुकडे एकावर एक ठेवून वर, मध्ये, खाली अडकवा. पांढऱ्या बाजूला पांढरा टेप लावा, अलगद उलटवा आणि काळ्या बाजूने काळा टेप. फटीत दोन्ही टेप एकमेकांना नखाने दाबून चिकटवा. पांढऱ्या बाजूला काळा टेप वापरू नका. पोर्ट्रेटमध्ये तो लक्षात येत नाही, पण बाटलीच्या किंवा भांड्याच्या प्रतिबिंबात मधोमध काळी रेघ येते.

उरलेल्या कडांना काळा टेप लावून घ्या. सनबोर्डाची कड ठेचली की तिथून व्हिनाइल उचलायला लागतं. मिटताना नेहमी पांढरी बाजू आत: डाग पडत नाहीत आणि पट्ट्या बाहेर राहिल्याने पाकळ्या नीट टेकतात.

थर्माकोल का नको? सगळे तर तेच वापरतात.

प्रकाशाच्या दृष्टीने थर्माकोल उत्तमच आहे. हलकं, मॅट, रंगाने स्वच्छ. पण महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिक-थर्माकोल बंदी आली आणि सजावटीच्या थर्माकोलवर गदा आली, त्यामुळे पूर्वी स्टेशनरीच्या दुकानात सहज मिळणारी शीट आता तशी मिळत नाही. शीतगृहांच्या इन्सुलेशनचं थर्माकोल मिळालं तरी त्याच्या कडा झडतात. ते पांढरे दाणे स्थिर विजेने काळ्या पडद्याला, कपड्यांना आणि लेन्सच्या पुढच्या काचेला चिकटून बसतात.

आधीच घरात असेल तर जरूर वापरा, पण तीन गोष्टी सांभाळा. त्याला थिनर, पेट्रोल, रबराचं चिकटद्रव्य किंवा स्प्रे पेंट लावू नका, थर्माकोल जागच्या जागी विरघळतं. पांढऱ्या फेविकॉलने जोडा आणि रंग द्यायचा तर पाण्यात मिसळणारा द्या. तिसरी गोष्ट उष्णता. थर्माकोल साधारण ८०-९० अंशांपुढे मऊ पडतं आणि ते पेट घेतं. जुने ५०० किंवा १००० वॅटचे हॅलोजन अजून वापरात असतील तर थर्माकोल त्यांच्यापासून चार फूट तरी लांब ठेवा. मॉडेलिंग लॅम्प (फ्लॅशमधला सतत जळणारा दिवा) तासभर चालू असलेल्या फ्लॅशबद्दलही हेच.

कापडाची फ्रेम बनवायची आहे. पाइप किती लागेल?

पाऊण इंची यूपीव्हीसी पाइप, सहा मीटरचा एक. त्याचे ८५ सेंटिमीटरचे सात तुकडे करा: ५९५ सेंमी. करवतीला जाणारा भाग धरूनही पुरतो. चार एल्बो आणि दोन टी. तीन तुकडे आडवे (वर, मध्ये, खाली), चार उभे. तयार फ्रेम साधारण ८८ बाय १७६ सेंमी होते, म्हणजे तीन फूट बाय पावणेसहा फूट. दुकानात तीन मीटरचेच पाइप असतील तर तीन घ्यावे लागतील, कारण एका तीन मीटरच्या पाइपातून तीनच तुकडे निघतात.

सॉल्व्हंट सिमेंट सगळीकडे लावू नका. वरच्या आणि खालच्या आडव्या तुकड्यांना एल्बो चिकटवा, मधल्या आडव्या तुकड्याला दोन्ही टी चिकटवा. उभे चार तुकडे तसेच दाबून बसवायचे. म्हणजे फ्रेम सुटी करून पिशवीत नेता येते. चिकटवताना दोन्ही एल्बो फरशीवर सपाट टेकलेले हवेत. सिमेंट काही सेकंदांत धरतं आणि एक एल्बो जरा जरी वाकडा राहिला तरी अख्खी फ्रेम पिळवटते. ती कधीच भिंतीला सपाट टेकत नाही. खिडक्या उघड्या ठेवा, या सिमेंटचा वास बंद खोलीत डोक्यात जातो.

कापड पांढरं पॉपलिन, ३६ इंच पन्ह्याचं, दोन मीटर. धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच शिवायला द्या. नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं आणि फ्रेमवर पोचत नाही. शिवून तयार माप ८२ बाय १६८ सेंमी ठेवा, फ्रेमपेक्षा मुद्दाम लहान. चारही कोपऱ्यांना २० सेंमीची एक इंची इलॅस्टिकची कडी तिरकी शिवून घ्या, चारांना मिळून ८० सेंमी. ती कडी एल्बोवरून मागे अडकवली की कापड चोहोबाजूंनी ताणलं जातं. कडा शिवताना दुहेरी दुमडून घ्या, एकेरी शिलाई ताणाने उसवते.

हीच फ्रेम लाइटसमोर उभी करून डिफ्यूजर, म्हणजे प्रकाश मऊ करणारा पडदा, म्हणूनही चालते. मात्र पॉपलिनमधून बराच प्रकाश आरपार जातो, म्हणून रिफ्लेक्टर म्हणून वापरताना मागे दुसरा थर द्या. मागच्या बाजूला काळं कापड लावाल तर आरपार जाणारा प्रकाश तिथे शोषला जातो आणि परावर्तन कमी होतं. दुसरा थरही पांढराच हवा.

स्वयंपाकघरातली फॉइल चालेल का?

चालेल, पण तिची गुळगुळीत शीट सपाट चिकटवू नका. ती आरशासारखी वागते. हलक्या हाताने फॉइलचा गोळा करा, मग फाटू न देता उलगडून तळव्याने सपाट करा. हजारो बारीक चुण्या प्रकाश हजारो दिशांना फेकतात आणि झोत मऊ होतो. चकचकीत बाजू आणि मंद बाजू यांत जो फरक असतो, तो चुरगळल्यावर जवळजवळ राहत नाही.

दीड बाय दोन फुटांच्या बोर्डला ३० सेंमी रुंदीच्या फॉइलच्या दोन पट्ट्या लागतात. मध्ये एक-दीड सेंटिमीटर एकावर एक येऊ द्या. कडेला आणि मधल्या सांध्याला दुतर्फा टेप पुरे. संपूर्ण बोर्डला फेविकॉल फासलं तर ओल आत कोंडून फुगे येतात. फॉइलची कड हात कापते, म्हणून चारही बाजूंनी टेपने बंद करा. आणि फॉइल वीजवाहक आहे: फ्लॅशचे सॉकेट, उघडी जोडणी, एक्स्टेंशन बोर्ड यांना ती टेकणार नाही असं बघा.

सावलीच्या बाजूला निळसर किंवा हिरवट रंग येतो. पॅनेल तर पांढरं आहे!

तीन ठिकाणी शोधा.

पहिलं, कापड. धुण्याच्या पावडरीत आणि बाजारातल्या 'एकदम शुभ्र' कापडात ऑप्टिकल ब्राइटनर असतात. ते फ्लॅशमधले अतिनील किरण घेऊन निळा प्रकाश सोडतात, म्हणून सावली निळी पडते. एलईडीत अतिनील किरण जवळपास नसतात, त्यामुळे तिथे हा त्रास फारसा दिसत नाही. नीळ घातलेलं कापडही निळसरच. दुसऱ्या टोकाला कोरं मांजरपाट: ते मुळातच पिवळट असतं आणि तशीच ऊब देतं.

दुसरं, भिंती. हिरवी, गुलाबी, पिस्ता रंगाची भिंत हासुद्धा रिफ्लेक्टरच असतो, आणि तो तुमच्या पॅनेलपेक्षा मोठा असतो. पॅनेल भिंत आणि माणूस यांच्यामध्ये आणा, म्हणजे ते भिंत झाकतं. लाल ऑक्साइडची किंवा रंगीत टाइलची फरशी हनुवटीखाली रंग टाकते. तिथे पांढरी चादर अंथरा.

तिसरं, दोन प्रकारचे लाइट. फ्लॅशने फोटो घेताना खोलीतली ट्यूब चालू राहिली आणि शटर मंद असेल तर सावलीत ट्यूबचा रंग उतरतो.

तपासायला सोपा उपाय: एक कोरा कागद मुख्य लाइटकडे तोंड करून धरा आणि फोटो घ्या. मग तोच कागद पॅनेलकडे वळवा, मुख्य लाइट त्याच्यावर थेट पडू देऊ नका आणि त्याच व्हाइट बॅलन्सवर दुसरा फोटो घ्या. दोन्ही फोटोंत कागदाचा रंग सारखा दिसला तर पॅनेल निर्दोष.

पॅनेल लावलं तरी फरकच दिसत नाही. कुठे चुकतंय?

बहुतेक वेळा पॅनेलवर प्रकाशच पडत नसतो. सॉफ्टबॉक्स (लाइटपुढे पांढरं कापड असलेली पेटी) माणसाच्या ४५ अंशांत उभा, तोंड थेट चेहऱ्याकडे, आणि पॅनेल दुसऱ्या बाजूला खांद्याच्या मागे. तिथे सॉफ्टबॉक्सचा प्रकाश पोचतच नाही, माणसाचं शरीर आड येतं. पॅनेलजवळ उभं राहून त्याच्या जागेवरून लाइटकडे बघा. सॉफ्टबॉक्सचं पांढरं तोंड दिसलं तर प्रकाश येतोय. न दिसलं तर पॅनेल पुढे, कॅमेऱ्याच्या बाजूला आणा. सॉफ्टबॉक्स जरासा माणसाच्या नाकापुढून पॅनेलकडे वळवला तरी चित्र पालटतं. चेहऱ्यावर त्याची मऊ कड पडते आणि पॅनेलला भरपूर प्रकाश मिळतो.

दुसरी चूक अंतराची. लहान बोर्ड चार फुटांवरून दोन फुटांवर आणला तर चेहऱ्यावर त्याचा प्रकाश दोन स्टॉपच्या आसपास, म्हणजे साधारण चौपट, वाढतो. मोठ्या पॅनेलला फरक त्याहून कमी पडतो, पण पडतो. म्हणून पॅनेल फ्रेमच्या अगदी कडेपर्यंत आणा, मग इंच-इंच बाहेर काढा.

तिसरी गोष्ट उंची. पॅनेल फक्त कमरेच्या खाली ठेवलं तर हनुवटी आणि नाकपुड्या खालून उजळतात आणि चेहरा आजारी दिसतो. पॅनेलचा मध्य छाती-खांद्याच्या उंचीला असावा. चष्मा असेल तर काचेत पॅनेलचा पांढरा चौकोन येतो. तो घालवायला पॅनेल थोडं मागे घ्या किंवा चष्म्याच्या दांड्या कानाजवळ किंचित वर उचला.

प्रकाश किती भरला हे वेगळ्या मीटरशिवाय कसं मोजायचं?

कॅमेऱ्याचा स्पॉट मीटर (फ्रेममधल्या एका लहान जागेचाच प्रकाश मोजणारा) आणि एक १८ टक्के ग्रे कार्ड (ठरावीक करड्या रंगाचं कार्ड) पुरे. हे एलईडीसारख्या सतत चालणाऱ्या लाइटसाठी. कार्ड चेहऱ्याजवळ धरून लाइटकडे वळवा, वाचन घ्या. मग पॅनेलकडे वळवून घ्या. एक स्टॉपचा फरक म्हणजे २:१, दोनचा ४:१, तीनचा ८:१. लग्नाच्या बायोडेटाचा किंवा ऑफिसचा फोटो २:१ ते ३:१ मध्ये छान बसतो. नटाच्या पोर्टफोलिओला ४:१ किंवा त्याहून जास्त. फ्लॅशला कॅमेऱ्याचा मीटर उपयोगी नाही, तिथे कार्डाचे दोन फोटो घेऊन हिस्टोग्रामची (कॅमेऱ्यातला उजेड-अंधाराचा आलेख) तुलना करा.

काळी बाजू खरंच लागते?

लहान खोलीत ती पांढरीपेक्षा जास्त लागते, असं आमचं म्हणणं आहे. पांढऱ्या भिंती आणि नऊ फुटांचं पांढरं छत असलेल्या खोलीत प्रकाश आधीच चोहोकडून परततो. तिथे तक्रार सावली गडद असल्याची नसते, चेहरा सपाट असल्याची असते. काळी बाजू गालापासून दोन फुटांवर उभी करा. भिंतीकडून येणारा प्रकाश अडतो आणि गालाच्या हाडाखाली आकार दिसू लागतो. गोल चेहऱ्याला दोन्ही बाजूंनी काळं लावून पाहा. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढरा सदरा विरघळत असेल तर काळं पॅनेल फ्रेमच्या अगदी कडेला आणा, सदऱ्याला हलकी कड मिळते.

चकचकीत काळा रंग मात्र नको. ऑइल पेंटचा काळा बोर्ड तिरक्या कोनातून आरसाच होतो.

वाइनची बाटली, द्राक्षं, तांब्याची भांडी, पैठणी यांना काय लावायचं?

नाशिकमध्ये प्रॉडक्टचं काम म्हणजे बहुतेक हेच, आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा.

बाटली स्वतः दिसत नाही, तिच्यात उमटलेलं दिसतं. सनबोर्डाच्या १५ बाय ६० सेंमीच्या दोन पांढऱ्या पट्ट्या बाटलीच्या दोन्ही बाजूंना, किंचित मागे उभ्या करा आणि त्यांच्यावर प्रकाश पाडा. काचेच्या दोन्ही कडांना वरपासून खालपर्यंत सलग पांढरी रेघ येते. रेघ तुटली तर पट्टी बाटलीपेक्षा आखूड आहे. रेड वाइनची बाटली काळीठिक्कर दिसते, तिच्यामागे बाटलीच्याच आकाराचं, पण चहूबाजूंनी बोटभर लहान कापलेलं फॉइलचं कार्ड तारेने तिरकं उभं करा. प्रकाश त्यावर आपटून बाटलीतून पुढे येतो आणि वाइनचा रंग उघडतो. कार्ड बाटलीआड पूर्ण लपलं पाहिजे.

थॉमसन सीडलेसच्या घडालाही मागून तळहाताएवढं पांढरं कार्ड द्या, मणी आतून उजळतात. घड देठाला धरूनच हाताळा. मण्यांवरचा नैसर्गिक मेणचट थर बोटांनी पुसला गेला की ठसे मोठ्या फोटोत स्पष्ट दिसतात. समोरून चंदेरी मारू नका, प्रत्येक मण्यावर टोकदार ठिपका येतो.

तांब्या-पितळेचं भांडं आख्खी खोली दाखवतं, फोटो काढणाऱ्याच्या शर्टासकट. त्याला पांढऱ्याने घेरायचं: दोन बाजूंना पाकळ्या, वर कापडाची फ्रेम, आणि समोर लहान बोर्डाला लेन्सपुरतं भोक. मग सगळं पांढरं झाल्याने भांड्याचा आकार हरवतो, तेव्हा एका बाजूला दोन बोटं रुंदीची काळी पट्टी आत सरकवा. ती पट्टी भांड्याच्या पोटावर गडद रेघ होऊन गोलाई दाखवते.

येवल्याच्या पैठणीला चंदेरी रिफ्लेक्टर अजिबात नको, जरीचे पट्टे जळून जातात आणि मोर सपाट होतात. लाइट एका बाजूने कापडाला जवळजवळ घासून जाऊ द्या, म्हणजे वीण उठते, आणि समोरच्या बाजूला पांढरं पॅनेल तीन फुटांवर ठेवा. पॅनेल जवळ आणत गेलात तर वीण पुसट होते, तिथे थांबून एक पाऊल मागे या.

पासपोर्ट फोटोत हनुवटीखाली सावली येते.

दीड बाय दोनचा पांढरा बोर्ड गिऱ्हाइकाच्या मांडीवर द्या, वरची कड छातीपासून थोडी पुढे, ३०-४० अंशांत तिरका. गडद रंगाची साडी असेल तर जास्त गरज, कारण तिच्यावरून काहीच परत येत नाही. कानामागे भिंतीवर पडणारी सावली रिफ्लेक्टरने जात नाही. त्यासाठी स्टूल भिंतीपासून तीन-चार फूट पुढे घ्या.

खिडकीच्या उजेडात काम करतो. उत्तरेची खिडकी चांगली ना?

चांगली, पण वर्षभर नाही. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्यही डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. शिवाय मार्चअखेर ते सप्टेंबर सकाळ-संध्याकाळ तो उत्तरेकडे झुकलेला उगवतो-मावळतो. त्या काळात उत्तरेच्या खिडकीत तिरकं ऊन येतं. तेव्हा कापडाची फ्रेम खिडकीला डिफ्यूजर म्हणून लावा आणि सनबोर्डाची पांढरी पाकळी समोर. दक्षिणेच्या खिडकीला हिवाळ्यात ऊन खोलवर आत येतं, तिथेही हीच जोडी.

पंखा लावला की पॅनेल हलतं, कधी पडतं.

पाकळ्यांमधला कोन ६० ते १२० अंशांत ठेवा. सरळ रेषेत उघडलं की ते पडणारच. पायाशी बाहेरच्या बाजूने वाळूची पिशवी टेकवा. जुन्या जीन्सचा पाय कापून, आत जाड प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत चार-पाच किलो चाळलेली कोरडी वाळू भरली की झालं. कापडाची फ्रेम शिडासारखी वारा धरते. ती लाइट स्टँडला वर-खाली दोन ए-क्लॅम्पने (स्प्रिंगच्या चिमट्यांनी) बांधा आणि शक्यतो स्टँडच्या पायावरही वजन द्या. लहान मूल समोर बसवणार असाल तर पंखा बंद.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

जून ते सप्टेंबर कापड गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं तर बुरशीचे करडे ठिपके येतात आणि ते धुऊन जात नाहीत. पूर्ण वाळवा आणि सैल घडी करून कपाटात वर ठेवा. एमडीएफचा किंवा हार्डबोर्डचा पाया असेल तर तो खालून ओल पिऊन फुगतो. कडांना दोन हात प्रायमर द्या. पुठ्ठ्याची पॅनेल भिंतीला टेकवून ठेवू नका, वाळवी मागून येते आणि पुढून कळत नाही.

सनबोर्ड पाण्याने खराब होत नाही. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने पुसा. थिनरने पुसला तर पृष्ठभाग चिकट होतो आणि पुढे धूळ धरतो. पण तो तिरका टेकवून ठेवू नका, महिन्याभरात कायमचा बाक येतो. मिटून सरळ उभा, कपाट आणि भिंतीच्या फटीत, किंवा पलंगाखाली सपाट.

गोदाघाटावर किंवा गंगापूर धरणाकडे प्री-वेडिंगला हेच नेऊ का?

नाही. उघड्यावर वाऱ्याने साडेसहा फुटी पाकळी हातातून निसटते आणि एखाद्याला लागते. बाहेरच्या कामासाठी १०७ सेंमीचा घडीचा पाच-पदरी रिफ्लेक्टर विकतच घ्या, तो बनवण्यात वेळ घालवू नका. धरायला माणूस हवाच. त्याला सांगून ठेवा की चंदेरी बाजूने ऊन थेट डोळ्यांत मारायचं नाही. आधी छातीवर झोत आणायचा, मग हळू वर.

पॅनेल कधी बदलायचं?

पांढरं पिवळं पडलं की. वर सांगितलेली कागदाची चाचणी दर सहा महिन्यांनी करा. बोर्ड उन्हाच्या खिडकीशी राहत असेल तर आणखी लवकर. पिवळटपणा दिसला तर लगेच टाकून देऊ नका: मॅट पांढऱ्या इमल्शनचे दोन पातळ हात रोलरने द्या, त्याआधी बारीक पॉलिश पेपरने पृष्ठभाग हलका घासा, नाहीतर रंग सोलतो. बिजागराचा टेप त्याच्या आधी जातो. तो उकलायला लागला की जुना पूर्ण काढून, डिंक पुसून, नवा लावा. जुन्यावर नवा टेप चढवला तर फट भरते आणि पाकळ्या मिटत नाहीत.